कट्ट्यावरचा निरोप : शिवाजी पार्कवरील एका खेळाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

दादरच्या शिवाजी पार्कला वेढणारा कट्टा हाच आम्ही रचत असलेल्या खेळाचा पट, असे ठरवून आज सायंकाळी आम्ही तिघांनी तो पूर्ण फिरून पाहिला. त्याची लांबी सुमारे १.१७ किलोमीटर आहे आणि नेहमीच्या चालीने एक फेरी चौदा मिनिटांत होते; म्हणजे दोन खेळाडू अगदी समोरासमोरच्या टोकांना असले तरी त्यांच्यामध्ये सात मिनिटांहून अधिक अंतर राहत नाही. या हिशेबाने खेळाची वेळ पन्नास मिनिटे धरली आहे. संध्याकाळी पाच ते पावणेसहा-सहा ही वेळ निवडली, कारण त्या वेळी कट्टा भरलेला असतो आणि जानेवारीत सव्वासहानंतर सूर्य मावळू लागला की दूरचे चेहरे ओळखू येत नाहीत.

जागेने तीन गोष्टी आधीच ठरवून टाकल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली हे मैदान शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केल्यामुळे शिट्टी, भोंगा किंवा ध्वनिवर्धक यांचा विचारही करायचा नाही. आतल्या भागात एकमेकांना खेटून क्रिकेटची जाळी आणि सामने चालू असतात, लेदरचा चेंडू कुठून येईल याचा नेम नसतो, त्यामुळे मैदान आडवे ओलांडण्यास खेळाडूंना बंदी राहील. तिसरी गोष्ट अशी की कट्ट्यावर बसलेली माणसे आपल्या घरच्या ओसरीवर बसल्याप्रमाणे तेथे बसतात, त्यांच्या रोजच्या जागा ठरलेल्या असतात, आणि त्यांना उठवून किंवा सरकवून आपला खेळ मांडणे शोभणार नाही.

खेळाचा पाया म्हणून लहानपणीचा चिठ्ठ्यांचा राजा-प्रधान-चोर-शिपाई घेतला आहे. गुणांची पद्धत घराघरांत निराळी असली तरी चोर लपतो आणि शिपाई ओळखतो हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, आणि उघड्यावरच्या खेळात समजावण्याचा वेळ वाचणे ही मोठीच कमाई आहे. चोरांनी मुद्देमाल हातोहात फिरवत कट्ट्याची एक फेरी पूर्ण करायची, शिपायांनी तो मध्येच पकडायचा, असा पहिला आराखडा आहे. मुद्देमाल म्हणून जुन्या बाजारातून ६० रुपयांची एक पितळी किल्ली आणली. भूमिकांचे छापील पत्तेही करून घेतले, त्यांना ३८० रुपये पडले.

१२ जानेवारी, रविवार

पहिली चाचणी विसाव्या मिनिटाला थांबवावी लागली.

ओळखीचीच बारा माणसे बोलावली होती. एका शिपायाने किल्ली घेऊन निघालेल्या गड्याला दुरून पाहिले आणि उत्साहाच्या भरात तो ओरडला, ‘चोर, चोर, पकडा त्याला!’ जाळ्यात सराव करणारी दोन मुले बॅटीसकट धावत आली आणि त्यांतल्या एकाने आमच्या गड्याची कॉलर धरली. मागोमाग आणखी सात-आठ जण जमले. आम्ही धावत जाऊन, पत्ते दाखवून, हा खेळ असल्याचे सांगितले आणि प्रकरण हसण्यावारी गेले. पण कॉलर धरलेल्या गड्याचे हात त्यानंतर बराच वेळ थरथरत होते आणि त्याने पुढे खेळण्यास नकार दिला. तो बरोबर होता. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले होते, आणि तेव्हा जमाव गोळा व्हायला संशयाखेरीज काहीही लागले नव्हते. सार्वजनिक जागी ज्या शब्दाने अनोळखी माणसे धावून येतात, तो शब्द खेळात ठेवायचा नाही, हा नियम आजपासून पक्का आहे. ३८० रुपयांचे पत्ते रद्दीत गेले.

दुसरा दोष इतका भडक नसला तरी खेळाच्या दृष्टीने त्याहून मोठा होता. बाराही जण एकमेकांना ओळखत असल्यामुळे शिपायांनी कट्ट्यावरच्या गर्दीकडे पाहिलेच नाही. ते केवळ ओळखीचे चेहरे शोधत फिरले. मग हा खेळ एखाद्या इमारतीच्या गच्चीवर खेळला काय आणि येथे खेळला काय, सारखेच. गर्दी ही अडचण न राहता खेळाचे सामान व्हायची असेल, तर दोन्ही पक्षांनी एकमेकांना आधी पाहिलेले असता कामा नये.

१९ जानेवारी, रविवार

२६ जानेवारीच्या राज्याच्या मुख्य संचलनाची तयारी मैदानावर सुरू असल्यामुळे हे दोन्ही आठवडे चाचणीच्या दृष्टीने फुकट गेले. ज्यांना येथे काही करायचे आहे त्यांनी प्रजासत्ताक दिन, १ मे, दसरा, गुढीपाडवा आणि चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागरामुळे ६ डिसेंबरच्या आसपासचे दिवस आधीच दिनदर्शिकेवर खोडून टाकावेत.

या वेळात नियम नव्याने लिहिले. इतरांनी काय केले हेही पाहिले. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली विद्यार्थ्यांनी वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आसपासच्या रस्त्यांवर ‘पॅक-मॅनहॅटन’, म्हणजे ‘पॅक-मॅन’ या व्हिडिओ गेमची रस्त्यावरची आवृत्ती, खेळला होता. त्यात धावणाऱ्या प्रत्येकामागे फोनवर एक मार्गदर्शक बसवलेला असे. त्या खेळाला मोकळे, काटकोनी रस्ते मिळाले होते, आपल्याला संध्याकाळचा भरलेला कट्टा मिळाला आहे, म्हणून धावणे सोडून दिले. अधिक उपयोगी पडला तो जेन मॅकगॉनिगल आणि इयन बोगोस्ट या खेळ रचणाऱ्या दोघांचा २००६ सालचा ‘क्रूएल टू बी काइंड’. त्यात प्रतिस्पर्ध्यावरचा हल्ला म्हणजे त्याचे कौतुक करणे किंवा त्याच्याशी सौजन्याने वागणे असते, आणि समोरचा माणूस खेळाडू नसला तर त्याच्या पदरात फक्त एक चांगला शब्द पडतो. चुकीच्या अंदाजाची झळ परक्या माणसाला लागू द्यायची नाही, एवढे तत्त्व आम्ही तेथून उचलले. मात्र अनोळखी माणसाचे तोंडावर कौतुक करणे आपल्याकडे संशयास्पदच वाटते, म्हणून कट्ट्यावर रोज चालणारे, कोणाच्या कानाला न खटकणारे वाक्य शोधले. ते वाक्य म्हणजे ‘बसू का इथे?’

नवा आराखडा असा आहे. निरोप्ये आठ, पहारेकरी सहा. दोन्ही गट निरनिराळ्या ओळखीतून जमवायचे आणि निरनिराळ्या जागी भेटून त्यांना नियम सांगायचे. निरोप्यांनी एक खलिता शेजारी बसून, हातोहात, पुढे पुढे देत कट्ट्याभोवती न्यायचा. पहारेकऱ्याला संशय आला तर त्याने त्या व्यक्तीजवळ जाऊन ‘बसू का इथे?’ असे विचारायचे. ती व्यक्ती निरोप्या असेल तर तिने ‘बसा, जागा तुमचीच आहे’ असे ठरलेले उत्तर द्यायचे आणि खलिता जवळ असल्यास तो निमूटपणे सोपवायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रश्न विचारण्याची चाल चालली, आणि आमच्या अपेक्षेपेक्षा चांगली चालली. परक्या माणसांपैकी बहुतेकांनी ‘बसा ना’ म्हणून थोडे सरकून जागा दिली. एका आजोबांनी तर ‘बसा की, कट्टा काय माझ्या बापाचा आहे?’ असे उत्तर दिले, आणि हे ठरलेल्या उत्तराचेच रूप असावे असे समजून आमची पहारेकरीण खलित्यासाठी हात पुढे करून उभी राहिली. आजोबांनी तिच्या तळहातावर दोन बडीशेपेचे दाणे ठेवले. ठरलेले उत्तर शब्दशः तसेच द्यायचे, ही सूचना त्यानंतर नियमांत आली.

फसले ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे विचारायला काहीच मोल पडत नसल्यामुळे दोन पहारेकरी रांगेने प्रत्येकाला विचारत सुटले. अर्ध्या तासात त्यांनी कट्ट्याची एक बाजू धुऊन काढली आणि काही रहिवाशांना तो प्रश्न दोन-दोनदा ऐकावा लागला. यावर दंड म्हणून गुण कापण्याचा विचार झाला, पण गुण लिहिणार कोण आणि तपासणार कोण? शेवटी सापडलेला उपाय त्या वाक्यातच होता. ‘बसू का’ असे विचारले तर खरोखरच बसायचे, आणि निदान तीन मिनिटे बसायचे. पहारेकऱ्याला वेळेचा भुर्दंड पडतो, परक्याला काही नाही.

दुसरे अधिक गंभीर होते. खलिता म्हणजे चार घड्या घातलेली कागदाची चिठ्ठी. अनोळखी वाटणारी दोन माणसे शेजारी बसतात, एकमेकांकडे न पाहता मुठीतून मुठीत लहानशी पुडी देतात आणि वेगवेगळ्या दिशांना निघून जातात, हे दृश्य गस्तीवरच्या हवालदारांनी पाहिले आणि त्यांना जी शंका यायला हवी तीच आली. त्यांनी चिठ्ठी उघडून पाहिली, आत ‘निरोप क्रमांक दोन’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्यामुळे त्यांचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. पाऊण तास समजुतीत गेला. ते शेवटपर्यंत सभ्यपणे बोलले, जाताना ‘पुढच्या वेळी आधी कळवत जा’ म्हणाले, आणि तेच योग्य होते. यापुढे स्थानिक पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, खेळाडूंची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा फोन क्रमांक देणारे साधे पत्र आधी नेऊन द्यायचे आणि त्याची पोच खिशात ठेवायची. मुंबईत पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघत असतात, म्हणून नियम सांगतानाही चारपेक्षा अधिक माणसे एका जागी उभी करायची नाहीत. यासाठी निरोप्यांच्या दोन तुकड्या केल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आज खेळ घेतला नाही. फक्त मागच्या खेपेच्या खेळाडूंना एकेकटे गाठून विचारले. सर्वांना एकत्र बसवून विचारले की पहिला जे बोलतो त्याचीच री बाकीचे ओढतात, असा अनुभव होता. एकेकटे विचारल्यामुळेच एका पहारेकऱ्याने सांगितले की एकटीच बसलेल्या एका तरुणीजवळ जाऊन त्याने ‘बसू का’ असे विचारले, ती काही न बोलता उठून निघून गेली, आणि त्यानंतर त्याला खेळावेसे वाटले नाही. आमच्या दृष्टीने निरुपद्रवी असलेले वाक्य तिच्या कानावर कसे पडले असेल, हे सांगण्याची गरज नाही. निरोप्यांमधल्या दोघी बायकांनीही आपल्या शेजारी येऊन बसणारा पुरुष पहारेकरी आहे की उपद्रवी आहे हे कळेपर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागल्याचे सांगितले.

‘बायकांना विचारायचे नाही’ असा नियम केला तर सगळे खलिते बायकांच्याच हाती जातील. ‘जोडीनेच फिरायचे’ हा नियम केला तर सहा पहारेकऱ्यांचे तीनच होतात. बराच खल झाल्यावर खुणेचा उपाय ठरला : प्रत्येक निरोप्याच्या हातात घडी घातलेले वर्तमानपत्र उघडपणे दिसले पाहिजे, आणि ज्याच्या हाती वर्तमानपत्र नाही त्याला विचारण्यास सक्त मनाई. संध्याकाळी कट्ट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसणारी खरी माणसे बहुतेक निवृत्त गृहस्थ असतात आणि त्यांना शेजारी कोणी बसलेले हवेच असते. शिवाय निरोप्या स्त्रीला विचारणारा माणूस ठरलेल्या वाक्याखेरीज दुसरे काहीही बोलला तर तो पहारेकरी नव्हे, हे तिला तत्क्षणी कळते.

१६ फेब्रुवारी, रविवार

वर्तमानपत्राने खेळ बदलला. संशयितांची संख्या आटोक्यात आली आणि तरीही खोटे संशयित पुरेसे उरले. एका पहारेकऱ्याला तीन मिनिटे बसण्याच्या नियमाने असे गाठले की शेजारच्या गृहस्थांनी त्याला आपल्या मुलाच्या पुनर्विकासात अडकलेल्या घराची हकिकत सुरुवातीपासून सांगितली, आणि उठणे अशिष्टपणाचे वाटल्यामुळे तो अठरा मिनिटे अडकला. तेवढ्या वेळात त्याच्या समोरून एक खलिता पार झाला. दंड म्हणून आम्ही यापेक्षा चांगले काही रचू शकलो नसतो.

खलित्यासाठी कागद सोडून हातभर सुतळी घेतली आहे. प्रत्येक निरोप्याने ती हातात आली की तिला एक गाठ मारायची आणि पुढे द्यायची. आठ गाठी झाल्या म्हणजे खलिता आठही हातांतून गेला हे सिद्ध. सुतळीची गाठ वर्तमानपत्राआड, न पाहता, नुसत्या बोटांनी मारता येते, आणि उघड्यावर कोणी पाहिली तरी ती सुतळीच दिसते. घामाने ओलसर झालेली सुतळी मात्र ताठरते आणि शेवटच्या दोन गाठी आवळताना नखे दुखतात, त्यामुळे जाड सुतळी टाळून बारीक घ्यावी.

आजचा मोठा दोष बाद होणाऱ्यांचा होता. पकडलेला निरोप्या खेळाबाहेर, असा नियम होता, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत बाद झालेले दोघे सरळ वडापाव खायला निघून गेले. दिमित्री डेव्हिडॉफने १९८६ साली मॉस्कोत रचलेल्या ‘माफिया’ या बैठ्या गटखेळामध्ये बाद झालेला माणूस गप्प बसून उरलेल्यांचा खोटेपणा पाहतो आणि त्यालाही मजा येते, पण तेथे सगळे एका खोलीत असतात. सव्वा किलोमीटरच्या कट्ट्यावर बाद माणसाला काहीच दिसत नाही. पकडलेल्याला पहारेकऱ्यांत घेऊन पाहावे असा एक प्रस्ताव होता, पण त्याला आपल्या सातही साथीदारांचे चेहरे माहीत असतात आणि दहा मिनिटांत सर्वनाश होईल हे कागदावरच दिसत होते. आता पकडलेला निरोप्या बाद होत नाही. सुतळी जप्त होते, तो एक संपूर्ण फेरी चालतो आणि पुन्हा खेळात येतो. एकूण सुतळ्या तीन, आणि जितक्या पूर्ण होतील तितके निरोप्यांचे गुण.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुबईत चॅम्पियन्स करंडकातला भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना आहे हे ठाऊक असूनही तारीख ठेवली, कारण पोलिसांचे पत्र गेलेले होते. आम्ही पाचला सुरुवात केली तेव्हा पाकिस्तानची फलंदाजी चालू होती. चौदांपैकी नऊच खेळाडू आले, परंतु शिकवण मिळाली ती संख्येमुळे नव्हे. त्या संध्याकाळी कट्ट्यावरचे जवळजवळ प्रत्येक डोके फोनमध्ये खुपसलेले होते, त्यामुळे मान वर करून इकडेतिकडे पाहणारा जो कोणी असेल तो आमचाच असणार, हे दोन्ही पक्षांना लगेच उमगले. निरोप्यांनी पहारेकरी हेरले, पहारेकऱ्यांनी निरोप्ये हेरले, आणि वीस मिनिटांत तिन्ही सुतळ्या जप्त झाल्या. लपणे हे गर्दीच्या आकारावर अवलंबून नसून गर्दी त्या वेळी काय करीत आहे यावर अवलंबून असते. ९ मार्चच्या अंतिम सामन्याची तारीख तेथल्या तेथे खोडली आणि पुढची चाचणी आदल्या दिवशी, शनिवारी ठेवली.

खेळ संपल्याचा निरोप आजवर व्हॉट्सॲपच्या गटावर देत होतो. त्यामुळे खेळाडू सारखे फोन काढत आणि इतर दिवशी त्यावरूनच ओळखू येत. आता फोन खिशात बंद. सर्वांनी आधी घड्याळे जुळवायची आणि बरोबर पाच पन्नासला, कोणी न कळवता, ठरलेल्या प्रवेशद्वाराशी यायचे.

८ मार्च, शनिवार

आज प्रथमच आमच्यापैकी कोणालाही न ओळखणारी माणसे खेळली, आणि आम्ही ठरवून एकही तोंडी खुलासा केला नाही. नियम एका पानावर लिहून दिले होते. ओळखीच्या लोकांना जे न सांगता कळत होते, ते या लोकांना कळले नाही, हे पाच मिनिटांतच स्पष्ट झाले : वर्तमानपत्रावर बसले तर ते ‘हातात’ धरायचे की नाही, सुतळी चालता चालता दिली तर चालते का, सुतळी बुटात ठेवता येते का. पानाच्या मागच्या बाजूला या प्रश्नांची उत्तरे लिहिली आहेत. सैद्धान्तिक प्रस्तावनेचा वरचा परिच्छेद कोणीच वाचला नव्हता, तो काढून टाकला.

सर्वांत चांगली चाल आमच्या डोक्यात कधीच आली नसती. एका निरोप्याने फेरीवाल्याकडून शेंगदाण्यांची पुडी घेतली, सुतळी तिच्यात टाकली, आणि पुडी पुढे करून शेजारणीला ‘घ्या ना’ म्हटले. पुडी वर्तमानपत्राच्याच कागदाची होती, तेव्हा ती खूण म्हणून चालेल का, यावर शेवटी दहा मिनिटे वाद झाला. मी चालेल असा निर्णय दिला. सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडी धरलेली पुडी कोणालाच संशयास्पद वाटत नाही, आणि फेरीवाल्याची विक्रीही झाली. तीनपैकी दोन सुतळ्या पूर्ण झाल्या.

१६ मार्च, रविवार

खर्चाचा हिशेब लिहून ठेवतो. वाया गेलेले : किल्ली ६०, पत्ते ३८०. कामी आलेले : सुतळीची गुंडी ४५, नियमांच्या प्रती ११०, जुनी वर्तमानपत्रे घरच्या रद्दीतून. चहा आणि वडापाव यांवर बाकी सगळ्यापेक्षा अधिक पैसे गेले, आणि त्यात काटकसर करू नये, कारण खेळाडू खरे काय ते चहाच्या दुसऱ्या घोटानंतरच सांगतात. खरा खर्च वेळेचा आहे. पन्नास मिनिटांच्या एका खेळामागे माणसे जमवणे, पत्र देणे आणि नंतर एकेकाशी बोलणे यांत आठवड्याच्या साऱ्या संध्याकाळी जातात.

कालच्या खेळात एक सुतळी नऊ गाठींची निघाली. निरोप्ये आठच, कोणीतरी गाठ बसली नाही असे वाटून दुसरी मारली असावी. पहारेकऱ्यांचे म्हणणे होते की सुतळी बाद करावी, कारण दोन गाठी मारणारा एखाद्या साथीदाराला टाळूही शकतो. निरोप्यांचे म्हणणे होते की नऊमध्ये आठ येतातच. आता प्रत्येकाने निराळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा आपल्या गाठीत अडकवायचा असे ठरवून आठ रंगांची रिळे आणायला सांगितली आहेत; ते बोटांनी न पाहता जमते का, हे आधी घरी बसून पाहायचे आहे. ३० मार्चला पाडवा असल्यामुळे पुढची चाचणी एप्रिलमध्ये, आणि तोवर सूर्यास्त पावणेसातच्या पुढे गेलेला असेल, म्हणून सुरुवात साडेपाचला.